साडेबाराची नाकाबंदी

सातारा जिल्ह्यातल्या पाटण खोऱ्यात जुन्या माणसांना एक वेळ पाठ आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४.२१. त्या मिनिटाला भूकंपात कोयनानगर कोसळलं. धक्के त्याआधीही बसत होते. सप्टेंबरात एक मोठा बसला होता. लोकांना त्यांची सवय झाली होती.

ही नोंद दुसऱ्या एका वेळेची आहे, पण इशाऱ्यांची सवय होण्याची गोष्ट तीच. २७ नोव्हेंबर २००८, रात्री साडेबाराचा सुमार, मुंबईतली गिरगाव चौपाटी, शहरावर दहशतवादी हल्ला चालू असताना. त्या ठिकाणी उभा असलेला माणूस आमच्याच डोंगराचा. पाटणच्या उत्तरेला जावळी तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम गोपाळ ओंबळे.

या पट्ट्यात डोंगरउताराची शेती आहे, तिच्यावर वर्षभर घर चालत नाही. म्हणून घरटी एखादा फौजेत जातो, एखादा मुंबईला. मुंबईत कुणी गिरणीत लागला, कुणी माथाडीत, कुणी पोलिसात. माथाडींची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. ओंबळेंनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. आधी भारतीय लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये नोकरी केली, नाईक म्हणून निवृत्त झाले, आणि १९९१ मध्ये मुंबई पोलिसात भरती झाले. २००८ मध्ये ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. घरी पत्नी आणि चार मुली.

त्या रात्रीचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. तो शेवट कुठून कुठून चालत आला, ते वेळेच्या क्रमाने पाहू.

२००६ ते २००८

मुंबईवर हल्ला होऊ शकतो, अशा सूचना गुप्तचर यंत्रणांकडून २००६ पासून येत होत्या. काहींमध्ये समुद्रमार्गाचा उल्लेख होता. काहींमध्ये मोठ्या हॉटेलांची नावं होती, त्यात ताज होतं.

सूचना येत, नोंदल्या जात, पुढे पाठवल्या जात. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचला की काम झालं, असं धरलं जाई.

याच काळात मुंबई पोलिसांच्या नेमबाजीच्या सरावाला दारूगोळा पुरत नव्हता. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने याची नोंद केली. शहराच्या बंदोबस्तावर जो शिपाई उभा राही, त्याच्या हातात बहुधा लाठी असे. रायफल असलीच तर जुनी, एका वेळी एकच गोळी झाडणारी.

२० सप्टेंबर २००८

इस्लामाबादच्या मॅरियट हॉटेलवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. मुंबईत ताजची सुरक्षा वाढवण्यात आली. दारापाशी अडथळे उभे राहिले, तपासणी कडक झाली.

पुढच्या आठवड्यांत ती सैल करण्यात आली.

१८ नोव्हेंबर

भारतीय यंत्रणांनी उपग्रह फोनवरचं एक संभाषण टिपलं. माल मुंबईकडे निघणार, असा त्याचा रोख होता. कराचीजवळच्या समुद्रातल्या एका संशयित बोटीची खबर पुढे देण्यात आली. तटरक्षक दलाने शोध घेतला. बोट सापडली नाही.

ती अजून निघालीच नव्हती.

२२ नोव्हेंबर, सकाळी ८

दहा हल्लेखोर कराचीहून समुद्रात उतरले. नंतर ते ‘अल-हुसैनी’ या मोठ्या बोटीवर चढले. प्रत्येकाकडे एक कलाश्निकोव्ह, एक पिस्तूल, गोळ्यांची मॅगझिनं, हातबॉम्ब आणि टायमर लावलेला आरडीएक्सचा बॉम्ब होता. अंतर सुमारे ५५० सागरी मैल. दोघादोघांच्या पाच जोड्या आधीच ठरल्या होत्या. त्यांतली एक अबू इस्माईल आणि अजमल कसाबची. इस्माईल दहा जणांचा म्होरक्या होता.

गिरगावच्या नाकाबंदीला अजून साडेचार दिवसांहून थोडा जास्त वेळ होता.

२३ नोव्हेंबर

भारतीय हद्दीत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली. चार खलाशांना अल-हुसैनीवर नेऊन मारण्यात आलं. तांडेल अमरसिंह सोळंकी यांना जिवंत ठेवलं, कारण मुंबईपर्यंत बोट न्यायला माणूस हवा होता.

अरबी समुद्रात अशा शेकडो बोटी असतात. कुबेर त्यांच्यातून दक्षिणेकडे चालत राहिली. तीन दिवस ती कुणी अडवली नाही.

२६ नोव्हेंबर, दुपारी ४

कुबेर मुंबईपासून सुमारे चार सागरी मैलांवर आली आणि अंधाराची वाट पाहत थांबली.

अंधार पडल्यावर पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी फोनवर बोलणं झालं. सोळंकी यांना मारण्यात आलं. दहा जण रबरी बोटीत उतरले.

कुबेर बुडवायची होती. ती बुडवली गेली नाही. तिच्यावर उपग्रह फोन राहिला आणि सगळा मार्ग नोंदवलेलं जीपीएस यंत्र राहिलं. पाकिस्तानी बनावटीच्या टूथपेस्टपासून दुधाच्या पावडरीपर्यंतचं सामानही तसंच पडून राहिलं. या वस्तू पुढे कोर्टात बोलल्या. पण वस्तूंना फार तर मार्ग सांगता येतो. पाठवणारा कोण, त्याने काय शिकवलं, किती महिने शिकवलं, हे सांगायला माणूस लागतो. त्या घडीला त्या दहांतला एकही जिवंत हाती लागेल, असं मानायला काही कारण नव्हतं. त्यांना मरेपर्यंत लढायला सांगून पाठवलं होतं.

रात्री ८.३०

कफ परेडजवळच्या बधवार पार्कची कोळीवस्ती. कटकला भारत आणि इंग्लंडचा एकदिवसीय सामना चालू होता, घराघरांत टीव्ही लागलेले होते.

रबरी बोट किनाऱ्याला लागली. पाठीवर जड पिशव्या घेतलेली तरुण मुलं उतरली. ती इथली दिसत नव्हती. वस्तीतल्या माणसांनी हटकलं. आपापलं काम बघा, अशा अर्थाचं तुटक उत्तर आलं.

या वस्तीने विचारलं, हे मी मुद्दाम नोंदवतो. ५५० सागरी मैलांच्या प्रवासात ही पहिली हटकणी होती आणि ती गणवेशातल्या माणसाने केलेली नव्हती.

मुलं रस्त्याला लागली. टॅक्सी थांबवल्या.

चार तास उरले होते.

रात्री ९ नंतर

इस्माईल आणि कसाब टॅक्सीने छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे (सीएसटी) निघाले. उतरताना त्यांनी टायमर लावलेला बॉम्ब टॅक्सीतच ठेवला. टॅक्सीवाल्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याने पुढचं भाडं घेतलं आणि गाडी उपनगराकडे वळवली.

साडेनऊ ते दहाच्या दरम्यान

कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेत गोळीबार झाला. तिथले दोघे हल्लेखोर मग ताजकडे गेले. ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस इथेही गोळ्यांचे आवाज आले. सुरुवातीला अनेकांना वाटलं की दोन टोळ्यांचं भांडण आहे. पोलीस नियंत्रण कक्षात फोन येऊ लागले, एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणांहून.

सीएसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षालयात माणसं सामानाशेजारी बसली होती, काही जमिनीवर झोपली होती. इस्माईलने हातबॉम्ब फेकला आणि दोघांनी गोळ्या झाडायला सुरुवात केली.

रेल्वे पोलिसांकडे लाठ्या होत्या, थोड्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. निरीक्षक शशांक शिंदे पुढे झाले आणि मारले गेले.

उपनगरी गाड्यांच्या बाजूला उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीत बसले होते. काचेतून त्यांना फलाट दिसत होता. पळून जाता आलं असतं. ते ध्वनिक्षेपकासमोर बसून राहिले आणि प्रवाशांना सांगत राहिले की या बाजूला येऊ नका, मागच्या दाराने बाहेर पडा. त्यांच्या खोलीच्या दिशेनेही गोळ्या आल्या. फलाट रिकामा होत गेला.

स्टेशनात पन्नासहून अधिक माणसं मारली गेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. इस्माईल आणि कसाब पादचारी पुलावरून बाहेर पडले.

रात्री साडेदहा

स्टेशनाशेजारच्या गल्लीतून ते कामा रुग्णालयाच्या मागच्या बाजूला पोचले. बायका-मुलांचं रुग्णालय. दोन पहारेकऱ्यांना त्यांनी फाटकापाशीच मारलं.

परिचारिका अंजली कुलथे यांनी खिडकीतून ते पाहिलं. वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. त्यांनी वॉर्डाचे जाड दरवाजे लावून घेतले आणि सगळ्यांना टोकाच्या छोट्या खोलीत नेऊन अंधारात बसवलं. बाहेर जिन्यावर बूट वाजत होते. वीसही जणी वाचल्या.

पावणेअकरा

माझगावला एका टॅक्सीत स्फोट झाला. काही मिनिटांच्या अंतराने विलेपार्ल्यात दुसऱ्या टॅक्सीत. ती दुसरी टॅक्सी सीएसटीला भाडं सोडून आलेली. शहराचं लक्ष आणखी दोन दिशांना ओढलं गेलं. हल्लेखोर किती आहेत, दहा की पन्नास, हे त्या घडीला कुणाला सांगता येत नव्हतं.

अकरा ते पावणेबारा

अतिरिक्त पोलीस आयुक्त सदानंद दाते मोजकी माणसं घेऊन कामाच्या गच्चीखालच्या मजल्यावर गेले. वरून हातबॉम्ब आले. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर मारले गेले. दात्यांना तुकडे लागले. त्यांनी जखमी सहकाऱ्यांना खाली पाठवलं आणि स्वतः तिथेच थांबून गोळ्या झाडत राहिले. त्यांनी मदत मागितल्याचा निरोप खाली पोचला.

तो निरोप ऐकून तीन अधिकारी निघाले. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे, वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर. कामाच्या पुढच्या फाटकाकडे वळसा घालून जायचं ठरलं. तिघे एकाच क्वालिसमध्ये बसले. गाडी साळसकरांनी स्वतः चालवायला घेतली. मागे चार पोलीस. एकूण सात.

तोवर इस्माईल आणि कसाब कामामधून बाहेर पडले होते.

मध्यरात्रीच्या आसपास

सेंट झेवियर्स कॉलेजजवळची रंगभवनची गल्ली. दोघे झाडीच्या आडोशाला होते. क्वालिस जवळ आली. दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटल्या. कसाबच्या हाताला जखम झाली. क्वालिसमधले सहा जण गेले.

सातवे अरुण जाधव. हातांत गोळ्या लागून ते मागच्या भागात सहकाऱ्यांच्या देहांखाली पडले होते. हल्लेखोरांनी पुढच्या सीटवरून अधिकाऱ्यांना ओढून रस्त्यावर टाकलं आणि क्वालिस घेऊन निघाले. मागे कुणी जिवंत असेल, हे पाहिलं नाही.

वाटेत मागे पडलेल्या एका शिपायाचा मोबाइल वाजला. पुढून मागे गोळ्या आल्या. जाधव हलले नाहीत. बंदूक उचलायची तर हात उचलत नव्हता.

मेट्रो सिनेमाच्या चौकात पोलीस आणि पत्रकारांची गर्दी होती. समोरून पोलिसांचीच गाडी येत होती. कुणी ती अडवली नाही. गाडीतून गोळीबार झाला, माणसं पडली, गाडी पुढे निघून गेली.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो. आधीच्या सगळ्या चुका मोठ्या टेबलांवरच्या होत्या, आणि त्यांना महिने मिळाले होते. मेट्रोच्या चौकात उभ्या असलेल्या शिपायाला दोन सेकंद मिळाले, तेही पोलिसांचा दिवा लावलेल्या गाडीकडे बघत. या दोन्हींना एका मापाने मोजू नये.

सव्वाबाराच्या सुमारास

क्वालिसचं टायर फुटलं होतं, गाडी ओढत नव्हती. मंत्रालयाच्या परिसरात दोघांनी एक चंदेरी स्कोडा थांबवली, आतल्यांना बंदूक दाखवून उतरवलं आणि गाडी घेतली. एमएच ०२ जेपी १२७६.

मागे राहिलेल्या क्वालिसमध्ये अरुण जाधव कसेबसे वायरलेसपर्यंत पोचले. अधिकारी मारले गेले आहेत, हल्लेखोर गाडी बदलून पुढे गेले आहेत, हे त्यांनी नियंत्रण कक्षाला कळवलं. स्कोडाचा नंबर वायरलेसवरून पोलीस ठाण्यांना गेला.

त्या रात्रीत खबर पहिल्यांदा हल्लेखोरांच्या पुढे धावली. ती कुठल्या कागदावरून आली नव्हती. सहा मेलेल्या माणसांमध्ये पडून राहिलेल्या सातव्याने ती दिली होती.

साडेबाराच्या अलीकडे

डी. बी. मार्ग पोलीस ठाणं लॅमिंग्टन रोडच्या भागात आहे. त्याच्या हद्दीत गिरगाव चौपाटी येते. मरीन ड्राइव्हची कमान साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. मंत्रालयाच्या बाजूने मलबार हिलकडे जाणारी गाडी चौपाटीवरूनच जाते.

रस्त्यावर लोखंडी अडथळे लावून नाकाबंदी केली होती. सहायक निरीक्षक हेमंत बावधनकर, सहायक निरीक्षक संजय गोविलकर, उपनिरीक्षक भास्कर कदम आणि शिपाई. अधिकाऱ्यांकडे पिस्तुलं, बाकी बहुतेकांकडे लाठ्या.

तुकाराम ओंबळेंकडे लाठी होती.

गाडीत दोन कलाश्निकोव्ह असणार, त्या चालवणाऱ्यांनी गेल्या तीन तासांत स्टेशनात, रुग्णालयात आणि रस्त्यावर माणसं मारली आहेत, यातलं बरंचसं तोवर वायरलेसवर येऊन गेलं होतं. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षं फौजेत काढली, त्याला स्वयंचलित रायफल म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. ते माहीत असताना ते तिथे उभे होते.

साडेबाराचा सुमार

मरीन ड्राइव्हकडून चंदेरी स्कोडा आली. अडथळ्यांच्या अलीकडे साधारण पन्नास फुटांवर थांबली.

पोलिसांनी दिवे विझवून बाहेर यायला सांगितलं. गाडीने दिवे प्रखर केले. काचेवर पाणी उडवून वायपर चालू केले. आतलं काही दिसेना.

गाडी सुरू झाली. वळून मागे जायचा प्रयत्न केला आणि दुभाजकावर अडकली.

पोलीस दोन्ही बाजूंनी धावले. चालकाच्या बाजूने इस्माईलने गोळ्या झाडल्या. बावधनकर आणि सहकाऱ्यांनी पिस्तुलातून उत्तर दिलं. इस्माईलला गोळ्या लागल्या, तो कोसळला.

डावीकडचं दार उघडलं. कसाबने हात वर केल्यासारखं केलं. तो शरण येतोय असं वाटलं. बाहेर येताना त्याने रायफल काढली.

ओंबळे सगळ्यांत जवळ होते.

त्यांनी दोन्ही हातांनी रायफलीची नळी पकडली.

कसाबने घोडा दाबला. गोळ्या ओंबळेंच्या शरीरात घुसल्या. एक गोविलकरांना लागली. ओंबळेंनी नळी सोडली नाही. नळी त्यांच्याकडेच वळलेली राहिली, म्हणून ती इतरांकडे वळली नाही. तेवढ्या वेळात बाकीचे कसाबवर तुटून पडले. त्यांच्याकडे लाठ्या होत्या. त्यांनी लाठ्याच चालवल्या.

रायफल त्याच्या हातून सुटली. तो जिवंत पकडला गेला.

हे सगळं किती वेळात झालं, ते घड्याळावर मोजण्याजोगं नाही. काही सेकंद.

२७ नोव्हेंबर, पहाट

कसाबला नायर रुग्णालयात नेण्यात आलं. त्याच रात्री, खाटेवर असतानाच, त्याची चौकशी सुरू झाली. ताज, ट्रायडंट आणि नरिमन हाउसमध्ये हल्लेखोर अजून होते. ते एकूण किती, कुठून आले, कशातून आले, हे सांगणारा माणूस आता पोलिसांच्या ताब्यात होता.

तुकाराम ओंबळे वाचले नाहीत.

२९ नोव्हेंबर, सकाळ

ताजमधला शेवटचा हल्लेखोर मारला गेला. एकूण १६६ माणसं गेली होती. दहा हल्लेखोरांपैकी नऊ मेले होते.

१ डिसेंबरला राज्याचे गृहमंत्री, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील यांनी राजीनामा दिला.

७ जानेवारी २००९

कसाब आपला नागरिक असल्याचं पाकिस्तानने मान्य केलं. त्याआधी सहा आठवडे नकार चालू होता. हल्लेखोरांकडे भारतीय नावांची खोटी ओळखपत्रं होती. दहाही जण मेले असते, तर त्या ओळखपत्रांवरून कुठल्या कहाण्या रचल्या गेल्या असत्या, याचा विचार वाचकाने करावा. कसाबचं फरीदकोट हे गाव, ओकारा जिल्हा, प्रशिक्षणाची ठिकाणं, कराचीतली तयारी, हे सगळं त्या एका जिवंत माणसामुळे नोंदीवर आलं.

२६ जानेवारी २००९

दिल्लीत राजपथावर राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी अशोकचक्रं प्रदान केली. हे शांतताकाळातलं सर्वोच्च शौर्यपदक. करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे, चौघांनाही मरणोत्तर. ओंबळेंचं पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारलं.

शांतताकाळ हा सरकारी शब्द आहे. चौपाटीवर त्या रात्री जे झालं, त्याला आमच्या जिल्ह्यातला कुणीही फौजी लढाईच म्हणेल.

२१ नोव्हेंबर २०१२, सकाळी ७.३०

विशेष न्यायालयाने ६ मे २०१० रोजी दिलेली फाशीची शिक्षा उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात कायम झाली होती. येरवडा कारागृहात कसाबला फाशी देण्यात आली. बातमी देणारे गृहमंत्री पुन्हा आर. आर. पाटीलच होते.

हल्ल्यानंतर

राज्याने ‘फोर्स वन’ हे नवं पथक उभं केलं. शस्त्रं आली, सागरी पोलिसांना बोटी मिळाल्या. चौपाटीवर ओंबळेंचा पुतळा उभा राहिला. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या (स्पायडर) एका नव्या प्रजातीला संशोधकांनी त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी.

या सगळ्याचं मोल आहे. तरी एक गोष्ट पदकाच्या तेजात झाकली जाता कामा नये. दोन वर्षं सूचना येत होत्या, ताजचं नाव कळलं होतं, समुद्राचा मार्ग कळला होता, आठ दिवस आधी बोटीची खबर मिळाली होती. एवढं सगळं माहीत असलेल्या राज्याने आपल्या माणसाला त्या रात्री लाठी देऊन उभं केलं. ओंबळेंनी नळीला हात घातला हे त्यांचं शौर्य. त्यांना हातच घालावा लागला हा आमचा सगळ्यांचा गुन्हा, आणि तो त्यांच्या नावाने जयजयकार करून फिटत नाही.

केडंब्यात त्यांचं स्मारक व्हावं, यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये निधी मंजूर केला आहे. ते उभारणाऱ्यांना जावळी-पाटणच्या लोकांतर्फे एकच मागणं आहे. तिथे अशोकचक्राच्या प्रतिकृतीशेजारी एक पोलिसी लाठी ठेवा, आणि तिच्याखाली दोन तारखा लिहा. १८ नोव्हेंबर २००८, बोटीची खबर मिळाली. २७ नोव्हेंबर २००८, रात्री साडेबारा, तुकाराम ओंबळे.